मडक्यांना सरावलेली बदकं

अण्णा, परवा दुकानात एक मुलगी आली होती. गळ्यात कॅमेरा, त्याला दुधी भोपळ्याएवढी लांब लेन्स, पायांत चिखलाने भरलेले बूट. हिवाळ्यात तलावांवर उतरणाऱ्या पाखरांचे फोटो काढत हिंडणारी जी मंडळी असतात त्यांतली ती एक, आणि जुने फोटो कुणाकडे आहेत का ते विचारत फिरत होती. भिंतीवरच्या तुमच्या फोटोपुढे ती इतका वेळ उभी राहिली की माझी पासपोर्टवाली गिऱ्हाइकं येऊन गेली तरी ती तिथंच. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात, तोंड वर, एक हात उंच, आणि तुमच्या डोक्यावरचं सगळं आभाळ बदकांनी भरलेलं. हातातली काठी पंखांच्या गर्दीत दिसत नाही. ती म्हणाली, "मावशी, हे काका नाचतायत का? किती आनंद आहे बघा त्यांच्या अंगात." मी म्हटलं, आमच्या घराण्यात कुणी नाचलेलं मला तरी माहीत नाही. ती हसली, तिला वाटलं म्हातारी गमतीशीर आहे. आज मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमचा राग येणंसुद्धा लोकांना शोभत नाही असं वाटतं. मला मात्र येतो. चांगला येतो.

तुमचा हात पटकन उठायचा. हे मी कुणापुढे बोलत नाही, पण श्रीरामपुरातल्या जुन्या माणसांना सांगायची गरजही नाही. नवरदेवाची हनुवटी वर करायची तर तुम्ही ती बोटाने उचलत नव्हतात, खालून टपली मारायचात. चर्चमधलं लग्न उरकून वऱ्हाड थेट स्टुडिओत यायचं, आणि पांढऱ्या झग्यातली नवरी रडायला लागली तर ती माहेर सुटलं म्हणून रडते की तुम्ही खेकसलात म्हणून, हे तिच्या आईलाही कळायचं नाही. एवढं असून लोक तुमच्याकडेच यायचे, कारण तुमच्या फोटोत माणसं ताठ दिसायची. दिसणारच, भ्यालेली असायची.

दुकानातून राग घरी यायचा तेव्हा त्याला मोकळं रान असायचं. आपलं स्वयंपाकघर हीच आपली डार्करूम होती. दुपारी जेवणं उरकली की आई चुलीवर पाणी मारायची, खिडकीला गोणपाट लागायचं, लाल दिवा पेटायचा, आणि ज्या ओट्यावर भाकरी थापली तिथं डेव्हलपरचे ट्रे बसायचे. आपल्या भाकरीला हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास यायचा, अजूनही येतो की काय म्हणून मी कधी कधी हुंगून बघते. त्या लाल उजेडात एखादा कागद काळा पडला तर ट्रे भिंतीवर जायचा, आणि भिंतीवर गेला तर नशीब. दादाला तुम्ही कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायाने मारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुण्याला पळाला आणि तुम्ही असेपर्यंत परत आला नाही. मी राहिले. मी तेव्हा एकोणीस-वीसची असेन, कॉलेज सुटलेलं, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने लोकांच्या देवीचे व्रण पुसायचं काम करायची. एकदा मी एका बाईच्या गालावरचा तीळही पुसला. तिच्या घरच्यांनी फोटो ओळखला नाही. तुम्ही मारलीत ती थप्पड डाव्या कानावर बसली आणि त्या कानात जो शिट्टीसारखा आवाज सुरू झाला तो आजतागायत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटाशेजारी परदेशी रिटचिंग पेन्सिलींची नवी कोरी पेटी होती. आई म्हणाली, "बघ, जीव हाय त्यांचा तुझ्यावर." मी पेटी घेतली. पेन्सिली चांगल्या होत्या, त्यात खोट काढता यायची नाही.

आणि हाच माणूस बदकासाठी दिवसभर चिखलात बसायचा. हे मला तेव्हाही समजलं नाही. थंडी पडली की तुम्ही दुकान माझ्यावर टाकून सायकलवर बेलापूरच्या पुढं ओढ्यावरच्या तलावाला जायचात. रविवारी मलाही न्यायचात, बॅग सांभाळायला. चेहऱ्याला हळदीकुंकू लावल्यासारखं दिसणारं आपलं गावठी हळदीकुंकू बदक, लांब शेपटीचं तलवार बदक, भगव्या अंगाची चक्रवाकाची जोडी, आणि कधी कधी उत्तरेकडून येणारे, डोक्यावर काळे पट्टे ओढलेले कादंब हंस. एखादं पाखरू मान फिरवेपर्यंत तुम्ही श्वास धरून बसायचात. डास चावले तरी हात हलत नसे. मी शिंकले तर तुम्ही नुसतं बोट ओठावर ठेवायचात. नुसतं बोट. मी त्या बोटाकडे बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, एवढं बदक तरी व्हायला हवं होतं मी.

त्यात दुष्काळाचं साल आलं. पाऊस आला नाही, आणि त्याच्या आदल्या सालीही धड नव्हता. भंडारदऱ्याच्या कालव्याचं पाणी कधी येईल याच्या नुसत्या अफवा यायच्या. पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून माणसं गाडीगाडीने आली, आणि त्या तलावाच्या आटलेल्या भागातला गाळ काढायचं सरकारी काम त्यांना मिळालं. बाया डोक्यावर पाट्या घेऊन बांधावर चढायच्या, उतरायच्या. मधोमध उरलं होतं छातीइतकं पाणी, आणि आजूबाजूचे सगळे तलाव कोरडे पडल्याने परिसरातली झाडून सारी बदकं त्या एका डबक्यात गोळा झाली होती. तुम्ही म्हणालात, असं पुन्हा दिसायचं नाही. तुमचे वडील नदीवर बदकं धरायचे ती युक्ती तुम्हाला आठवली. काळी मडकी पाण्यात सोडून द्यायची. पाखरं आधी बुजतात, मग सरावतात, मग मडक्याला खेटून झोपतात. तशी झाली की धरणारा एक फुटकं मडकं डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यात शिरतो, सावकाश जवळ जातो आणि पाण्याखालून पाय धरून ओढतो. शेजारच्या बदकालाही कळत नाही. तुम्ही मडकी सोडलीत, पण धरायला नाही. कोंबड्यांचं मोठं डालगं घेतलंत, शेणामातीने लिंपून काळं केलंत, त्याला लेन्सपुरतं भोक पाडलंत, आणि ते डोक्यावर घेऊन, कॅमेरा हनुवटीखाली बांधून पाण्यात वाकून चालायला लागलात. तुम्हाला पोहता येत नव्हतं. काठावर बसून मी त्या काळ्या ठिपक्यांतला कुठला ठिपका माझा बाप आहे ते शोधत राहायचे.

पाखरं सरावली. दिवस गेले तशी इतकी सरावली की एकदा एक हळदीकुंकू तुमच्या डालग्यावर येऊन बसलं आणि तिथंच पिसं साफ करत राहिलं. घरी आल्यावर तुम्ही आईला हे सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज मला ओळखू आला नाही. त्या फिल्मा धुवायला पाणी मात्र घागरीतलंच. आई टँकरच्या रांगेत उभी राहून ते आणायची, तुम्ही ते प्रिंटवर ओतायचात. एका दुपारी तिने घागर दाणकन आपटली आणि म्हणाली, "मानसं प्यायला पाणी मागत्यात, आन् तुमी बदकं धुताय." तुम्ही ओली प्रिंट तिच्या तोंडावर मारलीत. ती तिच्या गालाला चिकटली, मग सुटून खाली पडली, आणि तुम्ही आधी प्रिंट उचललीत. मी तिथंच होते. ती प्रिंट तेवढी उत्तम आली होती, पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला लोंबताना दिसत होता.

मग साखर कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावरचं काम आलं. कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो तुमच्याकडे असायचे, त्यामुळे बंगल्यावरून निरोप आला की तुम्ही हातातलं टाकून निघायचात. बंगल्याच्या बागेत साहेबांनी हौद बांधला होता आणि त्यात मुंबईहून आणलेले पांढरे राजहंस आणि रंगीत परदेशी बदकं सोडली होती. गावात हंड्याला मारामारी, आणि हा हौद काठोकाठ. राजहंसांचा रंगीत फोटो नव्या कॅलेंडरवर हवा होता. त्यातला नर नुसता जमदग्नी. तुम्ही गुडघे टेकून फोकस लावताय तोवर मान लांब करून, फुत्कारत आला आणि तुमच्या मांडीचा लचका धरला. पँट फाटली, रक्त आलं, माळी धावला, आणि तुम्ही, अण्णा, तुम्ही त्या हंसाला हात लावला नाहीत. मांडी त्याच्या चोचीत असताना फोटो काढलात. बॅग धरून मागे उभ्या असलेल्या मला हसू फुटलं होतं ते मी पदराने दाबलं. त्या दिवशी माराचा मला भरवसा होता, पण तुम्ही विसरलात.

आठवड्याने आपण दोघं प्रिंट घेऊन बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांनी हंस पाहिले, ठीक आहेत म्हणाले आणि टेबलावर टाकले. एवढंच. तुमची मांडी अजून सुजलेली होती. तुमच्या मानेवरची शीर मी मागून पाहिली, आणि मला कळलं की आता तुमच्याच्याने राहवणार नाही. मागचापुढचा विचार न करता तुम्ही खिशातून तलावाचा फोटो काढलात. त्या डालग्याच्या भोकातून घेतलेला, हातभर अंतरावरचा, पट्टेवाले कादंब आणि तलवार बदकं मडक्यांच्या गर्दीत निवांत. साहेबांनी चष्मा लावला. फोटो पाहिला, मग तुमच्याकडे पाहिलं. एवढ्या जवळ येतात, त्यांनी विचारलं. तुम्ही फुशारून सगळं सांगितलंत, मडकी, डालगं, वडिलांची युक्ती. साहेब म्हणाले, "छान झालं. रविवारी मुंबईचे पाहुणे येतायत बंदुका घेऊन. मडकी तशीच राहू द्या, आणि तुम्ही कॅमेरा घेऊन या." साहेबांना नाही म्हणणारा माणूस आपल्या भागात अजून जन्मायचा होता. तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब."

परत येताना सायकल हातात धरून चालत होतात. मी म्हटलं, दाखवायची काय गरज होती. भर बाजारात तुम्ही मला मारलंत. भाजीवाल्या बाया बघत राहिल्या, एक म्हातारी तेवढी "पोरीची जात हाय, रस्त्यात नको रं" म्हणाली. मी रडले नाही. तोवर मी रडणं सोडून दिलं होतं, त्याने तुम्ही जास्त चिडायचात. घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलात आणि आम्हा दोघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणालात, "माझ्यामुळं भ्याची राहिली ती." आधी मला वाटलं तुम्ही माझ्याबद्दल बोलताय.

शनिवारी सकाळी तुम्ही मला तलावावर नेलंत. डालगं होतं, पण कॅमेरा तुम्ही माझ्या गळ्यात घातलात. बाहेरच्या उजेडात तुम्ही तो मला कधी धरू दिला नव्हता. सायकलच्या दांडीला बांधलेली बाभळीची ओली काठी सोडलीत, डालगं डोक्यावर घेतलंत आणि पाण्यात शिरलात. मी बांधाच्या पोटाला बसले. काळा ठिपका सावकाश मडक्यांत मिसळला. बदकं हलली नाहीत, का हलतील? कुणी मान पंखात खुपसून झोपलं होतं. मग ते डालगं उडालं आणि तुम्ही उभे राहिलात आणि काठी खाली आली. पहिला फटका पाण्यावर बसला असेल असं मी धरून चालले. दुसरा नाही. तो आवाज मला माहीत होता. ओल्या काठीचा अंगावर बसतानाचा आवाज पाण्यावरच्यापेक्षा बसका असतो. बदकं उठली, सगळी एकदम, आणि त्या कल्लोळात तुम्ही फिरत होतात, डावीकडे, उजवीकडे, वर, आणि ओरडत होतात, "भ्या. भ्या रे, मानसाला भ्या." एक तलवार बदक काठीने हवेतच मोडलं आणि कपडा पडावा तसं पडलं. बाया पाट्या टाकून बांधावर गोळा झाल्या. कुणीतरी म्हणालं, "फोटूवाल्याच्या अंगात आलंय." दुसरी, हाडकुळी, कडेवर मूल असलेली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मारतो कशाला बाबा, खायाचं तर धर की." माझ्या हातात कॅमेरा होता. मी बटण दाबलं. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढ्यासाठी की तुम्ही मारताना दिसता कसे हे मला कधी बघायलाच मिळालं नव्हतं, त्या वेळी माझे डोळे मिटलेले असायचे.

ती परत आली, पाखरं. वेडी, सरावलेली. घिरट्या घातल्या आणि पुन्हा मडक्यांशी उतरली. तुम्ही पुन्हा डालगं घातलंत, पुन्हा वाकून गेलात, पुन्हा मारलंत. असं दुपार कलेपर्यंत चाललं. हळूहळू त्यांना कळलं. मग ती उंचावरूनच मडकी बघायची, ओरडायची आणि नदीच्या दिशेने जायची. शेवटी पाणी रिकामं झालं. तुम्ही काठावर आलात तेव्हा तुमचे दात वाजत होते आणि हात रक्ताने भरला होता, ते रक्त तुमचं होतं की कुणाचं ते मी विचारलं नाही. ज्यांचे पंख मोडले होते ती बदकं पोहत पोहत पाणकणसात शिरली. त्यांना धरायला तुम्ही गेलात, पण ती तुमच्या हाती लागेनात. तुम्हीच शिकवलं होतं त्यांना, ताजं ताजं. तुम्ही माझ्याशेजारी बसलात, ओल्या अंगाने, आणि एवढंच म्हणालात, "आता न्हाई येत उद्या." मी तुमच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला कळलं, तुम्ही दादाला का मारायचात, मला का मारायचात. ही तुमची माया होती. ओली बाभळीची माया. कळलं म्हणून दुखणं काही कमी झालं नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

रविवारी जीप आली. पाहुणे चौघे, खाकी कपड्यांतले, थर्मास घेतलेले, बंदुकांना चामड्याच्या गवसण्या. साहेब तलावाकडे बघत राहिले. पाण्यावर नुसती मडकी. दूर उंचावरून एक थवा आला, मडकी दिसल्याबरोबर वळला. पाहुणे थांबले, चहा प्याले, साहेबांची थट्टा करायला लागले. साहेब तुमच्याकडे बघायचे, तुम्ही तिवई लावत बसला होतात, मान खाली. मग एका पाहुण्याने वैतागून एका मडक्यावर बार टाकला. मडकं फुटलं, सगळे हसले, आणि मग काय, आलेच आहोत तर म्हणून मडक्यांवर नेम धरायला सुरुवात झाली. धडाधड आवाज, खापऱ्या उडतायत, बांधावरच्या बाया कानावर हात घेऊन बसल्यात, पोरं रडतायत. तुम्ही फुटणाऱ्या मडक्यांकडे बघत होतात आणि तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं. तेवढ्यात त्या आवाजाने बुजून पाणकणसातली बदकं बाहेर आली. उडायला धडपडत होती. एकाच पंखाने पाणी मारत, स्वतःभोवती गोल फिरत होती. पाहुण्यांना काय, आयती शिकार. एकेक करून टिपली. कुणी ओरडून म्हणालं, "ही उडत का नाहीत?" मी तुमच्याकडे बघितलं नाही, मला बघवेना.

नंतर तुम्ही त्यांचे फोटो काढलेत. पाहुणे ओळीत, बंदुका खांद्याला, पायाशी बदकं. एका पाहुण्याची मान तिरकी होती. तुम्ही जवळ गेलात आणि दोन बोटांनी, अगदी अलगद, त्याची हनुवटी उचललीत आणि म्हणालात, "साहेब, एवढी ठेवा." तुमचा हात इतका हलका होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी माफ केलेलं नाही. बाकी सगळं एक वेळ केलं असतं. जाताना साहेबांनी पाय बांधलेली बदकांची जोडी तुमच्या हातात दिली. तुम्ही "थँक्यू साहेब" म्हणालात आणि ती सायकलच्या हँडलला अडकवलीत. घरापर्यंत त्यांच्या माना हेलकावत होत्या.

आईने बदकं बघितली आणि पाणी तापत ठेवलं. पिसं मी काढली. एक हळदीकुंकू होतं, एक तलवार. हळदीकुंकवाच्या छातीत छर्रे होते, बोटाला लागत होते. डाव्या पंखात मात्र एकही नव्हता. पंखाचं हाड मधोमध मोडलेलं, आणि त्यावरची कातडी जांभळी, कडेला पिवळट. मी हात थांबवला. आई वाकून बघायला लागली. तिला भिंग लागत नव्हतं. म्हणाली, "ह्ये छऱ्ऱ्याचं न्हवं. काठीचं हाय." मी म्हटलं, व्हय. तिने माझ्या हातातून बदक घेतलं, तो पंख सांध्यापासून तोडला, पण टाकला नाही. बाकीच्या मांसाबरोबर पातेल्यात घातला. कांदा, खोबरं भाजल्याचा वास सुटला. कित्येक महिन्यांत त्या घरात तसा वास नव्हता.

तुम्ही जेवायला बसलात. तो पंख तुमच्याच ताटात आला, आईने मुद्दाम वाढला की आपसूक गेला, देव जाणे. मी म्हटलं, "अण्णा, हा तुम्ही मोडलेला आहे." घरात कुणी असं तुमच्याशी बोललं नव्हतं. मी डोकं खाली घेतलं, सवयीने, पण हात आला नाही. तुम्ही पंख उलटा केलात, सुलटा केलात, बघितलात. मग म्हणालात, "गेली ती वाचली."

मी विचारलं, "आणि राहिली ती?"

चुलीतलं लाकूड आईने मागे ओढलं. मग तुम्ही ताट पुढं सारलंत आणि तिला म्हणालात, "वाढ. पोरीलाबी वाढ." आणि खायला लागलात. दातात छर्रा आला की तो ताटाच्या कडेला ठेवायचात, आणि पुढचा घास घ्यायचात. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही खात होतात, हाड चघळून, एक धागा न ठेवता. त्यानंतर तुम्ही कधी त्या तलावावर गेला नाहीत, आणि मला कधी मारलं नाहीत. आई म्हणायची, बदकांनी शहाणं केलं. मला तसं वाटत नाही. तुमचा हात संपला होता, एवढंच.

तुम्ही गेलात तेव्हा दादा आला होता. रडला, तेराव्यापर्यंत राहिला, आणि मला म्हणाला, तू कशी राहिलीस गं यांच्याजवळ. मी त्याला त्या रविवारची गोष्ट सांगितली, आणि पुढे ज्याला ज्याला सांगितली त्याला हेच सांगत आले, की मी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही, उठून गेले, उपाशी झोपले. ऐकणाऱ्याला ते पटतं. माझ्यासारखी पोर असंच करणार असं त्याला वाटतं. परवाची मुलगी पुन्हा येणार आहे, तिलाही मी तसंच सांगेन. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, म्हणून तुमच्यापुरतं खरं लिहिते. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन खाऊन माझ्या पोटात खड्डा पडला होता, अण्णा. मी मोडक्या पंखाच्या बाजूचं मांस घेतलं. ते फार चविष्ट होतं. मी पुन्हा मागून घेतलं.